सोलापूरच्या काळ्या मातीत, परसात बटाटा: जमीन कशी तयार करू?

मंचरची लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर पुणे जिल्ह्यात, मंचरजवळ. आमच्याकडे बटाटा म्हणजे पावसाळ्यातलं पीक. जूनअखेर किंवा जुलैत लागवड आणि नवरात्राच्या मागेपुढे काढणी. जमीन तांबूस, मुरमाड आणि उताराची. रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी वावरात पाय ठेवता येतो. बटाट्याला जमीन 'तयार' करावी लागते हे मला इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. भाऊ नांगरट करायचा, आम्ही मागून बेणं टाकत जायचो, एवढंच.

यजमानांच्या बदलीमुळे आता मुक्काम जुळे सोलापुरात. तळमजल्याचं भाड्याचं घर आहे आणि मागच्या बाजूला साधारण 12 बाय 10 फुटांचा तुकडा मोकळा आहे. मालक म्हणाले, "खणा की वहिनी, काय लावायचं ते लावा." पण माती बघून माझा धीरच होत नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडल्या होत्या की मुलाची कंपासमधली पट्टी अख्खी आत गेली, ती अजून तिथेच आहे. आता गणपतीनंतर पाऊस झालाय तर चपलेला एवढी माती चिकटते की चप्पल हातात घेऊन यावं लागतं. मध्ये मध्ये पांढरे खडे दिसतात, शेजारच्या आजी त्याला चुनखड म्हणतात. वरच्या वितीत विटांचे तुकडे, सिमेंटच्या पापड्या, असा घर बांधतानाचा राडारोडाही आहे.

ही माती भुसभुशीत करायला वाळू घालू का? दुकानदार जिप्सम घ्या म्हणतो. आजींकडे बंबाची राख भरपूर आहे, त्या फुकट देतायत. शेणखत किती घालायचं आणि मुळात लावायचं कधी? पावसाळा तर संपत आला. पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागेल का?

माहितगारांनी कृपया सांगावं. बाजारात बटाटा मिळतो हे मला माहीत आहे, तो सल्ला नको. :)

गच्चीवरचा माळी

ताई, सोपं आहे. दोन पोती वाळू, एक पोतं जिप्सम आणि राख असेल तर तीही टाका, बटाट्याला पोटॅश लागतं. सगळं एकत्र खणून घ्या, माती हलकी होते. मी कुंड्यांमध्ये असंच करतो, माझ्याकडे झेंडूही छान येतो.

सीनाकाठ

माळीबुवा, रागावू नका, पण कुंडीचा हिशोब जमिनीला लावू नका. कुंडीत माती आपण भरतो. हितं ती आधीपासून बसलेली आहे, आणि तिच्याखाली अजून हातभर तीच आहे.

ताई, आमची शेती मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या काठाला. ऊस आणि ज्वारी. बटाटा आम्ही विकायला लावत नाही, पण वस्तीवर घरामागं घरापुरता दरवर्षी असतो, तोही तुमच्यासारख्याच काळ्या चिकट जमिनीत. म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, माती ओली आहे तोवर कुदळ भिंतीला टेकवून ठेवा. आपल्या भारी जमिनीत बाकी काही चुकलं तर निभावतं, वापसा (माती ना चिकट ना कोरडी, खणण्याजोगी ओल) चुकला की निभावत नाही. ओल्या मातीत कुदळ घातली की पातं जिथं घासतं तिथली माती चकाकते बघा. ती वाळली की तिचा असा टणक पापुद्रा होतो की मुळी आत शिरत नाही, आणि जी ढेकळं निघतात ती शिवरात्रीपर्यंत फुटत नाहीत.

वापसा बघायची आमच्या आण्णांची रीत अशी. वरची माती बाजूला सारून चार बोटं खालची मूठभर घ्यायची, लाडू वळायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. लाडू फुटून पसरला तर कुदळ घ्या. नुसताच चपटा होऊन बसला तर थांबा. लाडू वळतच नाही, हातात नुसती माती सुटी होते, तर तुम्ही उशीर केला. पाणी देऊन परत वाट बघा. आपल्याकडं सप्टेंबरात पाऊस जास्त असतो, त्यामुळं हा दिवस पंचांगात सापडत नाही. ऊन पडलं की रोज एकदा लाडू वळून बघायचा.

तोवर एक काम करून टाका. तो राडारोडा वेचून बाहेर काढा, सगळा, सिमेंटच्या पापड्यांसकट. आपल्या मातीत चुना मुळातच जास्त आहे, त्यात प्लॅस्टर मिसळलं की अजून भर. आणि आजींची राख नम्रपणे नको म्हणा. राख चुन्याच्याच बाजूची. तुमच्या मंचरकडच्या जमिनीला ती चालत असेल, हितं चालत नाही. बटाट्याला आंबटपणाकडं झुकणारी माती आवडते. आपली आधीच दुसऱ्या टोकाला, त्यात राख घातली की सालीवर खरूज धरते. खपल्यांसारखे खरबरीत डाग येतात. खायला काही होत नाही, साल जाड काढावी लागते एवढंच, पण मुद्दाम कशाला ओढवून घ्यायचं.

जूनपर्यंत थांबायची गरज नाही, उलट आपला हंगाम आता येतोय. मंचरला जे पावसाळ्यात जमतं ते हितं जमायचं नाही. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की बेणं कुजतं. आपल्याकडं रब्बीचाच बटाटा. कोजागरी झाली, ऑक्टोबरचा उन्हाळा उतरला, रात्री अंगावर चादर लागायला लागली की लावायचा. बटाटा धरतो तो रात्रीच्या गारव्यावर. रात्र वीस अंशांच्या खाली असली की गाठी चांगल्या बसतात, आणि डिसेंबरात आपल्याकडं पारा पंधराच्या आसपास येतो. तेवढेच आठवडे आपल्या हातात आहेत. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत गाठी फुगल्या पाहिजेत आणि रथसप्तमीच्या आसपास काढणी झाली पाहिजे. त्यानंतर ऊन चढतं, पाला वाढतो आणि खाली काही नाही.

खणायचं कसं, खत किती, हे सविस्तर लिहितो, पण आधी दोन गोष्टी करून सांगा. एक, चमचाभर वाळलेल्या मातीवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका आणि फसफसतं का ते बघा. दोन, एक फूट खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती पाणी उरलं ते बघा.

मंचरची लेक

दादा, खूप आभार. राडारोडा काढला, चार घमेली निघाली, त्यात एक अख्खी फरशी. लिंबू पिळल्यावर माती सोड्यासारखी फसफसली, मुलाला प्रयोग इतका आवडला की त्यानं अर्धा डझन लिंबं संपवली. खड्ड्यातलं पाणी सकाळी निम्मं तसंच होतं.

दुकानदार आता म्हणतो, फसफसतं तर गंधक टाका, मातीतला चुना मरतो. खरं का? गंधक, जिप्सम आणि वाळू यातलं नक्की काय घेऊ?

रसायनवाल्या बाई

याचं उत्तर मी देते, आयुष्यभर कॉलेजात मुलांकडून हेच हिशोब करून घेतलेत. दुकानदाराचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, फक्त त्याने आकडेमोड केलेली नाही.

तुमचा तुकडा 120 चौरस फुटांचा, म्हणजे 11 चौरस मीटर. वरची सहा इंच माती धरली तर तिचं वजन होतं जवळपास दोन टन. आता त्या मातीत शंभराला पाच भाग चुनखडी आहे असं समजा. आपल्याकडच्या फसफसणाऱ्या मातीसाठी हे काही अवाजवी गृहीत नाही. म्हणजे शंभर किलो चुनखडी झाली. मातीतले जिवाणू गंधकाचं गंधकाम्ल करतात, आणि एक किलो गंधकाच्या आम्लात जेमतेम तीन किलो चुनखडी विरते. म्हणजे तुम्हाला लागणार बत्तीस-तेहतीस किलो गंधक, तेही फक्त वरच्या सहा इंचांसाठी. ती चुनखडी संपेपर्यंत मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) हलणार नाही. दुकानदार तुम्हाला एक-दोन किलोची पिशवी देणार. मातीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

जिप्समचं वेगळं आहे. ते कॅल्शियम सल्फेट, त्याने चुनखडीमुळे चढलेला सामू उतरत नाही. जमीन चोपण असेल, म्हणजे मातीत सोडियम साचलेला असेल, तर जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमला बाहेर ढकलतो आणि पाणी मुरायला लागतं. त्यासाठी ते उत्तम औषध आहे. पण चोपण आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या. काळी आणि चिकट म्हणजे चोपण नव्हे.

वाळूबद्दल: चिकणमातीत थोडी वाळू घातली तर ती कणांच्या मध्ये अडकून बसते आणि माती आणखी घट्ट होते. फरक पडायला निम्म्याच्या आसपास वाळू हवी. तुमच्या तुकड्याला ती अर्ध्या ब्रासपेक्षा (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) जास्त होईल. तेवढ्या पैशात किती बटाटे येतील हा हिशोब मी तुमच्यावर सोडते.

सीनाकाठ

बाई, तुम्ही आमच्या गावात आला असतात तर निम्म्या दुकानांना कुलूप लागलं असतं.

ताई, आता ऐका. आपली माती बदलायच्या भानगडीत पडायचंच नाही. ती आहे तशी राहू द्या आणि बटाटा तिच्या वर बसवा. तुमच्या खड्ड्यात सकाळी पाणी उरलं होतं, म्हणजे सपाट वाफ्यात लावलात तर बेणं पाण्यात बसणार. वरंबे करायचे, चांगले वीतभराहून उंच, आणि गाठी त्या वरंब्याच्या पोटात धरायच्या. म्हणजे दोन टन माती सुधारायची गरज नाही, वरंब्यापुरती सुधारली की झालं.

वापसा आला की कुदळीच्या पात्याएवढं खोल खणा आणि ढेकळं मोठीच राहू द्या. ती फोडत बसू नका, हात दुखतील आणि उपयोग शून्य. काळ्या मातीचा हा एक गुण आहे जो तुमच्या तांबड्या मातीत नाही. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. ऊन खाल्लेल्या ढेकळावर एखादी सर पडली, परत ऊन पडलं, की ती आपणच फुटत जातात. ऑक्टोबरचं ऊन त्यासाठीच आहे असं समजा. पाऊस नाही आला तर झारीनं वरून शिंपडा आणि वाळू द्या. दसऱ्याच्या सुमाराला कुदळीच्या मागच्या बाजूनं हलकं ठोकलं तरी माती ज्वारीच्या दाण्यासारखी मोकळी होते.

मग खत. शेतात हेक्टरी वीस-पंचवीस टन शेणखत घालतात, त्या मापानं तुमच्या तुकड्याला बावीस-अठ्ठावीस किलो बसतं. आपल्या मातीला मी त्याच्या दुप्पट घालतो, कारण खत तिला खाणं म्हणून कमी आणि सुटी ठेवायला जास्त लागतं. पण पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला नाही पाहिजे, काडी ओळखू आली नाही पाहिजे. ताजं शेण घातलंत तर खरूज वाढते आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. आमच्याकडं उसात हुमणीनं कसा उच्छाद मांडलाय ते विचारू नका.

शेणखत महाग पडत असेल तर प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी बघा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. पण आत्ता मिळेल तो मागच्या गाळपाचा, ढिगात पडून काळा झालेला घ्या. नवीन गाळप सुरू झाल्यावर जो गरम, चॉकलेटी माल निघतो तो चार महिने तरी कुजवल्याशिवाय मुळाजवळ नको. तलावाचा गाळ कुणी देऊ केला तर घेऊ नका. मुरमाड माळावर टाकायला तो सोनं आहे, तुमच्याकडं मात्र चिकणमातीत अजून चिकणमाती.

खत सगळीकडं पसरून वाया घालवू नका. आधी दोन-दोन फुटांवर दोरी लावून ओळी आखा, तुमच्या तुकड्यात पाच बसतील. खत त्या ओळींवरच टाका, त्यात किलोभर निंबोळी पेंड मिसळा आणि मग दोन्ही बाजूंची मोकळी माती वर ओढून वरंबा करा. वरंबा उन्हाच्या हिशोबानं उत्तर-दक्षिण मिळाला तर बरं, नाही मिळाला तर अडून बसू नका. महत्त्वाचं हे की दोन वरंब्यांमधल्या सरीतून पाणी बाहेर निघायला एका टोकाला वाट पाहिजे. परतीचा पाऊस दिवाळीतसुद्धा येऊन जातो.

मागच्या वर्षी त्या जागेत टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती का? ही सगळी बटाट्याच्याच भावकीतली. असली तर त्या ओळी टाळा, रोग मातीत राहतो.

विजापूर रोडकर

लई भारी धागा. मी गेल्या हिवाळ्यात पोत्यात लावला होता, माती विकत आणून. आला, पण पोतं उन्हानं तापतं ना, पश्चिमेच्या बाजूचे बटाटे सुपारीएवढेच राहिले. जमीन असेल तर जमिनीतच लावा हे माझं मत.

एक शंका. माझ्या रोपांची वरची पानं पिवळी पडली होती, शिरा मात्र हिरव्या. नर्सरीवाला म्हणाला युरिया टाका. टाकला, काही फरक नाही. हे मातीचंच का?

रसायनवाल्या बाई

तुम्ही सांगताय ती लोहाची कमतरता. नत्र कमी असतं तेव्हा खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. लोह कमी असतं तेव्हा कोवळी, वरची. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही, म्हणून जमिनीत टाकून फारसं हाती लागत नाही. फवारणी करा. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्व, संध्याकाळच्या वेळी. आठवड्याने पुन्हा एकदा. नत्र द्यायचंच असेल तर आपल्या मातीला युरियापेक्षा अमोनियम सल्फेट बरं, त्याने मुळाजवळ तात्पुरता का होईना, थोडा आंबटपणा येतो.

मंचरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोरी आखायचं काम मुलाला दिलंय. अजून दोन-तीन गोष्टी विचारते.

माहेरी आम्ही मोठा बटाटा कापून, फोडीला राख लावून लावायचो. इथेही तसंच करू का? बेणं भाऊ मंचरच्या बाजारातून पाठवेल, पंजाबचं येतं तिथे. कुठली जात मागवू? आणि सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. बोअर आहे, पण त्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो. आरओचं वाया जाणारं पाणी आणि कपड्यांचं पाणी वापरलं तर चालेल ना?

सीनाकाठ

कपड्यांचं पाणी नको. आरओचं तर अजिबात नको. आरओ काय करतं, चांगलं पाणी तुम्हाला देतं आणि त्यातलं सगळं मीठ उरलेल्या पाण्यात ढकलतं. तेच पाणी आपण झाडांना घालतो आणि वर पाणी वाचवलं म्हणून खूश होतो. बटाटा मिठाला हळवा आहे. कपड्यांच्या पाण्यात सोडियम, ते काळ्या मातीत मुरलं की बाई म्हणतात तशी जमीन चोपण व्हायला लागते. मग खरंच जिप्सम आणायची पाळी येईल. फरशी पुसायला वापरा.

नळाचं पाणी आलं की एक टाकी बटाट्याच्या नावानं भरून ठेवा. बोअरचं नाइलाज असेल तेव्हा, आणि नळाच्या पाण्यात मिसळून. आपल्या मातीचा एक फायदा सांगतो, ती पाणी धरून ठेवते. तुमच्या मंचरला चार दिवसांनी पाणी लागत असेल, हितं थंडीत आठ-आठ दिवस निघतात. सरीत सोडायचं, सरी अर्धी भरली की बंद. वरंब्याचा माथा भिजायला नको, ओल खालून चढू द्या.

पण उलटंही करू नका. लागवडीनंतर चार-पाच आठवड्यांनी गाठी धरायला लागतात, तेव्हा माती सुकली की दोन तोटे. एक तर खरूज त्याच दिवसांत लागते, पुढं बटाटा मोठा झाला की लागत नाही. आणि दुसरं, जे फक्त आपल्या मातीत होतं, वरंब्याला भेगा पडतात. भेगेतून उजेड आत गेला की बटाटा हिरवा पडतो, तो खायचा नाही. त्याच भेगेतून बटाट्याची पाकोळी (छोटा पतंग) आत शिरते आणि बटाट्यावर अंडी घालते. वरून सगळं झकास दिसतं, काढला की आत अळीची भुयारं. म्हणून मातीची भर दोनदा द्यायची. रोपं वीतभर झाली की एकदा, आणि पंधरवड्यानं परत. भर देताना खुरप्यानं भेगा बुजवून घ्यायच्या.

वरंब्यावर काहीतरी अंथरा. कडबा कुणी देणार नाही, जनावरांना पुरत नाही तिथं बटाट्याला कुठून. उसाचं पाचट मिळालं तर उत्तम, गाळप सुरू झालं की फडात पडलेलं असतं. शहरात राहून ते जमत नसेल तर शेंगांची टरफलं बघा. सोलापुरात शेंगा फोडणाऱ्यांची काही कमी नाही, पोतं स्वस्तात मिळतं. दोन बोटं जाडीचा थर दिला की दुपारचं ऊन मातीला लागत नाही आणि भेगाही कमी.

बेणं कापायचं नाही. मंचरला गार पावसात चालतं. हितं लागवडीच्या वेळी माती अजून कोमट असते, त्यात फोडी कुजतात. भावाला सांगा, लिंबाएवढं किंवा त्याहून थोडं मोठं अख्खं बेणं निवडून पाठव, तीस-चाळीस ग्रॅमचं. पाच ओळींत आठ-आठ इंचांवर लावलंत तर नव्वदच्या आसपास लागतील, म्हणजे तीन-सव्वातीन किलो. आलं की पोत्यातून काढून सावलीत, पण उजेड येईल अशा ठिकाणी पसरून ठेवा. अंधारात ठेवलं तर मोड पांढरे आणि लांब होतात, लावताना मोडतात. उजेडात आखूड, जाड, जांभळट येतात ते पाहिजेत.

जात म्हणाल तर कुफरी लवकर मिळाली तर बघा. ती 1972 साली आपल्या दख्खनच्या पठारासाठीच काढलेली, पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत येते. आपली थंडी आखूड, त्यामुळं लवकर येणारी बरी. 2006 ची कुफरी सूर्या उष्णता सोसते, पण बेणं सहज हाती लागत नाही. काहीच नाही मिळालं तर कुफरी ज्योती आहेच, मंचरला ती भावाला शोधावी लागणार नाही.

लागवडीच्या चार दिवस आधी सरीत पाणी सोडा, वापसा आला की लावा. वरंब्याच्या माथ्यापासून तीन-चार बोटं खोल, मोड वर करून. कोरड्यात लावून वरून भरमसाट पाणी सोडायची सवय असेल तर ती सोडा. उगवण दिसेपर्यंत हात आखडता ठेवा, काळ्या मातीत बेणं तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरतं.

गच्चीवरचा माळी

सीनाकाठ दादा, राग नाही, उलट मीच सगळं जतन करून ठेवलं. या पद्धतीनं ताईंना किती बटाटे येतील अंदाजे?

सीनाकाठ

पहिल्या वर्षी पंधरा-वीस किलो आले तर मी म्हणेन ताईंनी सोलापूर जिंकलं. दुसऱ्या वर्षी त्याच जागेत परत बटाटा नको. काढणी झाली की जागा मोकळी ठेवा, जूनच्या पहिल्या पावसावर ताग पेरा आणि फुलावर आला की तिथंच गाडा. त्यानं माती जेवढी मोकळी होते तेवढी कशानं होत नाही, आणि बी अगदी थोडं लागतं. त्यानंतर हिवाळ्यात मेथी, कांदा, काय ते लावा.

मंचरची लेक

आज दुपारी लाडू फुटला! उद्या सकाळी उन्हाच्या आत खणायला घेतोय. मालक कुदळ देतायत, टिकावही आहे म्हणाले. आजींनी राखेचं घमेलं तरी दारात आणून ठेवलंच आहे, त्यांना भांडी घासायला वापरते असं सांगितलं. टरफलांचं पोतं सोलापुरात नक्की कुठे मिळेल हे कुणी पत्त्यासकट सांगेल का?

विजापूर रोडकर

ताई, चटणी करणाऱ्या किंवा तेलाच्या घाण्यावर विचारा, पण सकाळी जा. दुपारपर्यंत वीटभट्टीवाले उचलून नेतात. मला दोन पोती घ्यायची आहेत, शनिवारी जाणार आहे. तुमच्यासाठी एक जास्तीचं सांगू का?